वजनाचं ऑपरेशन झालं, आता दावतीला जायचं की नाही?

वलीम्याचं जेवण होतं. थाळाभोवती पाच-सहा बायका, मध्ये बिर्याणीचा ढीग. आमच्या आपांनी चार घास खाल्ले आणि हात थांबवला. लगेच सुरू झालं. "अहो, खा ना, चिमणीसारखं काय खाता!" "बिर्याणी बिघडलीय का?" घरच्या बाईंनी तर स्वतःच्या हातानं बोटीचा मोठा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. आपांना नाही म्हणवेना. दोन घास जास्तीचे गेले आणि पाच मिनिटांत त्या तोंडावर ओढणी धरून बेसिनकडे धावल्या. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "काही खुशखबर आहे का?" आपांचं वय सत्तेचाळीस.

त्यानंतर सात महिने त्या एकाही लग्नाला गेल्या नाहीत.

यात चूक कुणाची असेल तर आमची. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय हे आम्ही घराबाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. लोक काय म्हणतील? तोंडावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतलं, असंच म्हणतील, ही भीती. पथरीचं ऑपरेशन झालेला माणूस चौकात बसून सगळं सांगतो. हे ऑपरेशन मात्र आपल्याकडे लपवलं जातं. आणि लपवल्यामुळे ज्या जगण्यासाठी ते करून घेतलं, तेच जगणं बाजूला राहतं.

आपांचं वजन 118 किलो होतं. शुगर, बीपी, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. सहा वर्षं नमाज खुर्चीवर. डाएट, चालणं, काढे, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. काही नातेवाइकांनी हाही सवाल काढला की अल्लाहने दिलेल्या शरीरात असा बदल चालतो का. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "हे सुंदर दिसण्यासाठी आहे की आजारासाठी?" आजारासाठी म्हटल्यावर ते म्हणाले, मग डॉक्टरांचं ऐका. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावं, पण आजाराची सगळी हकीकत सांगून विचारावं.

पोटात नेमकं काय बदलतं

आपांचं झालं ते स्लीव्ह. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

म्हणजे वलीम्यात जे झालं तो नखरा नव्हता. नळी भरली की भरली. पाचवा घास पोटात जायला जागाच नसते, आणि घाईत गिळलेला मटणाचा तुकडा तिथे अडकल्यासारखा दुखतो. गोड जास्त झालं तर काहींना घाम येतो, धडधडतं, चक्कर येते, पोटात कळ येते. याला डंपिंग म्हणतात; बायपास झालेल्यांना हा त्रास जास्त. अशा माणसाला "एक चमचा खीर तरी घ्या" म्हणणं हा पाहुणचार राहत नाही.

आनंद कुठून येतो

सुरुवातीचे महिने कठीण असतात, हे आधीच सांगितलेलं बरं. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, असं लहान बाळासारखं खाणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तेव्हा आपा आरशासमोर जाईनात. वजन झपाट्यानं उतरताना असं बऱ्याच जणांना होतं. प्रोटीन आणि लोह नीट पोटात जात असेल तर केस सहसा परत येतात, आपांचे आले. कातडी सैल पडली, ती तशीच आहे. आणि एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. दुःखात, रागात, एकटेपणात खाण्याचा जो आधार असतो तो अचानक नाहीसा होतो. दोन महिने आपा कारण नसताना रडत होत्या. शेवटी डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं, फरक पडला. घरच्यांनी याला नाटक समजू नये.

मग हळूहळू लहान लहान गोष्टी येऊ लागल्या. रिक्षात तिघी बसल्या तरी कुणी हुं की चूं केलं नाही. चपलेचा पट्टा स्वतः वाकून लावता आला. निकाहातल्या बांगड्या, ज्या वीस वर्षं कपाटात होत्या, मनगटात गेल्या. नवव्या महिन्यात एका दुपारी जोहरच्या वेळी त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि जानमाजवर उभ्या राहिल्या. सजद्यात गेल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. आम्ही घाबरून पुढे झालो, तर त्या रडत होत्या. ती खुर्ची आता गॅलरीत आहे, तिच्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवलीय.

शुगरच्या गोळ्याही कमी झाल्या, पण डॉक्टरांनी तपासून कमी केल्या. ऑपरेशननंतर शुगर-बीपी लवकर खाली येऊ शकतं आणि जुना डोस जड होऊ शकतो, म्हणून तपासणी महत्त्वाची. स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करणं धोक्याचं.

दस्तरखानावर परत

सात महिन्यांनी आपांना दावतीला नेलं ते आदल्या दिवशी यजमानांना फोन करून. "आपांचं पोटाचं ऑपरेशन झालंय, त्या येतील, बसतील, पण थोडंच खातील. आग्रह नको." एवढं एक वाक्य. समोरच्या बाई म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलं?" प्रश्न संपला. खरं तर आग्रह करणं ही आपली सवय आहे, सुन्नत नाही. नबी करीम (स.) यांनी जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं, असं हदीसमध्ये येतं. पोटाचा एक भाग जेवणाला, एक पाण्याला, एक श्वासाला ही शिकवण तर आपल्या मुलांनाही पाठ असते.

आता आमचा रिवाज ठरलाय. आपा धाकट्या भाचीबरोबर बसतात, दोघींत एक छोटी ताटली. आधी बोटी किंवा कबाब, मग भाजी, भात शेवटी, उरली जागा तर. घास लहान, बारीक चावून, वीस-तीस मिनिटं घेऊन. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. कोल्ड्रिंकला हात लावायचा नाही, त्यातला गॅसही त्रास देतो आणि साखरही. घरी रोजच्या जेवणात 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतं, त्यामुळे मासे, चिकन, पनीर, दही यांचा मेळ घालावा लागतो. आपला दालचा चवीला झकास, पण पातळ केला की त्यात पाणीच जास्त.

जेवण लवकर आटोपल्यामुळे आपांचं तोंड बोलायला मोकळं राहतं. पूर्वी दावतीत त्या खाली मान घालून जेवायच्या, कुणी आपल्या ताटाकडे बघतंय का या विचारात. आता त्यांच्याभोवतीच जास्त हशा असतो.

रमजान, उमरा आणि गोळ्यांचा डबा

पहिल्या रमजानमध्ये आपांनी रोजे धरले नाहीत. जखम भरत असते, पाणी घोट-घोट प्यावं लागतं, आणि दिवसभर काही नाही म्हटल्यावर अंगातलं पाणी कमी होण्याची भीती असते. वर्ष-दीड वर्ष थांबा, असा सल्ला आम्हाला मिळाला. प्रत्येकानं आपल्या सर्जनला विचारावं. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिलीय, सूरह बकरामध्ये ती स्पष्ट आहे. पुढे कजा धरायची की फिदया द्यायचा, हे आलिमांना विचारावं. "सगळं घर रोजानं आहे आणि मी खातेय" ही बोच आपांना फार होती. म्हणून दुपारी त्यांच्याजवळ कुणीतरी बसायचं, एवढं आम्ही पाळलं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांची परवानगी घेऊन रोजे धरले. सहरीत आधी अंडी आणि दही. इफ्तारला एक खजूर, थोडं पाणी, मगरीब, आणि मग खिमा किंवा मासा, भजी-समोसे बाजूलाच. तरावीहच्या आधी-नंतर बाटली हातात, घोट-घोट. चक्कर, उलटी किंवा शुगर पडल्याची लक्षणं दिसली तर रोजा सोडायचा, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. दोनदा सोडावा लागला. ईदला शीरखुर्मा तीन चमचे, तोही जेवणानंतर.

त्याच वर्षी उमरा झाला, अलहम्दुलिल्लाह. तवाफचे सात फेरे आणि सफा-मरवाच्या सात फेऱ्या त्यांनी पायी केल्या. सईचंच अंतर तीन किलोमीटरच्या वर जातं. व्हीलचेअर आम्ही भाड्यानं घेऊन ठेवली होती, ती रिकामी परत केली. झमझम गटागट पिता येत नाही याचं त्यांना वाईट वाटलं, तर आमच्यातल्या एकानं आठवण दिली की थांबून थांबून, तीन श्वासांत पिणं हीच सुन्नत आहे.

गोळ्या मात्र जन्मभर. व्हिटॅमिन बी-12, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास तरी जावेत. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. कॅप्सूलच्या वेष्टनातलं जिलेटिन कशाचं, ही शंका आपल्याकडे असतेच; ती असेल म्हणून औषध सोडू नका. साध्या गोळ्या मिळतात, शाकाहारी कॅप्सूल मिळतात, बी-12 इंजेक्शननं घेता येतं. दुकानदाराला नाही, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खाणं बंद. बायपास झालेल्यांना त्यातून अल्सर होऊ शकतो.

तरुण मुलींच्या बाबतीत घरच्या मोठ्यांनी एक ऐकावं. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतरचे 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायला सांगतात, कारण तेव्हा आईच्याच अंगात पुरेसं काही टिकत नसतं. नवीन सुनेला "कधी?" म्हणून विचारण्याची घाई नको.

तिसऱ्या वर्षी आपांचं वजन चार किलोंनी वाढलं. त्या घाबरल्या. सर्जन म्हणाले, थोडं परत येणं नेहमीचं आहे, पण दिवसभर काय तोंडात टाकता ते लिहून काढा. चहाबरोबरची बिस्किटं आणि येता-जाता मूठभर फरसाण सापडलं. डबा वरच्या फळीवर गेला.

गेल्या महिन्यात भाच्याचा वलीमा होता. आपा पहिल्या पंगतीत बसल्या, सात-आठ घास खाल्ले आणि उठून बाकीच्यांना वाढायला लागल्या. निघताना भाच्याच्या सासूबाईंनी विचारून, आग्रह न करता, बिर्याणीचा छोटा डबा हातात दिला. तो त्यांना दुसऱ्या दिवशी दोन वेळा पुरला.