दोन चिंचोके, एक खडू आणि चल्लस आठ
पावसाने मुलं घरात अडकली, की फरशीवर खडूने चल्लस आठ या खेळाची 5 बाय 5 घरं आखा. दोन चिंचोके मधोमध फोडा, चार अर्धुकं मिळतील: एका अंगाने पांढरी, दुसऱ्याने तपकिरी. झाले फासे! जितकी पांढरी वर, तितकी घरं पुढे. चारही तपकिरी पडली तर थेट आठ! सोंगट्या म्हणून बटणं चालतात. बाहेरच्या घरांतून फेरी मारायची, मग उलट दिशेने आत वळून मधलं घर गाठायचं. मोजता मोजता लहानगी बेरीज करू लागतात, ते बघण्यात खरी मजा! अगदी तान्ह्यांच्या हाती मात्र चिंचोके नकोच, ती तोंडात घालतात. ऊन पडलं की अंगणात लगोरी: सात चपट्या ठिकऱ्या, एक मऊ चेंडू.