‘टायमिंग’, वेळ आणि वाफसा

लातूर किंवा नांदेड येथील कोणत्याहि सुशिक्षित एकत्र कुटुंबांत एक दिवसभर कान उघडे ठेवून बसलें, तर एक इंग्रजी शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत निदान दहा वेळां तरी कानीं पडतो. नळाचें टायमिंग, दवाखान्याचें टायमिंग, नातवाच्या शिकवणीचें टायमिंग, मुंबईच्या गाडीचें टायमिंग. दुपारीं क्रिकेटचा सामना पाहत बसलेले काका एखाद्या फलंदाजाच्या टायमिंगची वाखाणणी करतात. सायंकाळीं घरांत वादाला तोंड फुटतें, तेव्हां धाकट्या जाऊबाई हळूच म्हणतात, “भाऊजींनीं विषय बरोबर काढला, पण टायमिंग चुकलें.” आणि चहाचें आधण चढण्यास व पाहुणे दारांत उभे राहण्यास एक गांठ पडली, म्हणजे आजीबाईसुद्धां “काय टायमिंग आहे!” म्हणून हंसतात.

हा शब्द वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकच गडी पाणी भरतो, स्वैंपाक करतो, हिशेब लिहितो आणि पाहुण्यांची सरबराईहि करतो असें दिसलें, म्हणजे घरांतील बाकीचीं माणसें गेलीं कोठें, अशी शंका येते. या शब्दाविषयीं आम्हांस तशीच शंका येऊं लागली आहे.

प्रथम त्याचें कुळ पाहूं. इंग्रजींतील ‘टाइम’ आणि ‘टाइड’ हीं सख्खीं भावंडें होत. ‘टाइड’ म्हणजे आज समुद्राची भरती-ओहोटी. पण जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ वेळ असाच होता, आणि ‘नूनटाइड’ म्हणजे माध्यान्ह, ‘यूलटाइड’ म्हणजे नाताळचे दिवस, अशा जोडशब्दांत तो अद्यापि टिकून आहे. दोहोंच्या मुळाशीं वांटणें, भाग पाडणें हा अर्थ असल्याचें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पुढें ‘टाइम’ या नामाचें क्रियापद झालें आणि त्यास ‘इंग’ हा प्रत्यय लागून ‘टायमिंग’ बनलें. म्हणजे या शब्दाच्या पोटांत एक कर्ता दडलेला आहे. कोणी तरी शर्यतीचा काळ मोजीत आहे, किंवा एखादी गोष्ट नेमकी कोणत्या क्षणीं करावी हें कोणी तरी ठरवीत आहे. बॅट जोरानें न फिरवतांहि चेंडू सीमेपार जातो, तें फलंदाजाचें टायमिंग. विनोदी नट वाक्य संपवून अर्धा क्षण थांबतो आणि मगच मान वळवतो, तें त्याचें टायमिंग. मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या वर येत असतांना ठिणगी कोणत्या क्षणीं पडावी, हेंहि टायमिंगच. ती फार आधीं पडली तर एंजिन ठोके देतें आणि उशिरा पडली तर शक्ति वायां जाते. आमच्याकडील गॅरेजांतले मिस्त्री या कामाला ‘टायमिंग बसविणें’ म्हणतात. त्यांच्या तोंडचा हा शब्द काढून तेथें संस्कृत समास बसविण्याचा खटाटोप कोणी करूं नये.

गंमत अशी, कीं ज्या अर्थानें आपण हा शब्द सर्वांत अधिक वापरतों, तो अर्थ बव्हंशीं आपणच त्यास दिलेला आहे. विलायतेंतील दुकानाच्या दारावर ‘ओपनिंग अवर्स’ अशी पाटी असते. ‘ऑफिस टायमिंग्ज’, ‘बँक टायमिंग्ज’ हा अनेकवचनी प्रयोग भारतीय इंग्रजीचा मानला जातो. दवाखाना दहा वाजतां उघडतो यांत कसलें कौशल्य आणि कोणाची निवड? ती ठरलेली वेळ. ‘वेळ’ एवढा दोन अक्षरी शब्द तेथें पुरेसा होता.

आणि त्या दोन अक्षरांत मराठीनें एक सूक्ष्म सोय करून ठेवली आहे, ती सहसा ध्यानीं येत नाहीं. ‘जेवणाची वेळ झाली’ म्हणतांना वेळ स्त्रीलिंगी असते. ‘जेवायला फार वेळ झाला’ म्हणतांच तीच पुल्लिंगी होते. नेमलेला किंवा योग्य क्षण ती वेळ; लोटणारा, खर्च होणारा काळ तो वेळ. व्याकरणाचें तोंडहि न पाहिलेला माणूस हा भेद बोलतांना कधीं चुकत नाहीं. ‘टाइम’ आणि ‘टायमिंग’ या जोडीपुढें तो भेद आतां मुलांच्या बोलण्यांतून पुसट होत चालला आहे.

ठरलेल्या वेळेचें राज्य आपल्या भागांत आलें तें मुख्यतः आगगाडीबरोबर. गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडवरून गेला. आणि १८९७ सालीं बार्शीपर्यंत पोंचलेली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास आली. त्याच सुमारास, १९०६ पासून, देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईनें ती मनापासून मानली नाहीं. तेथें जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत तग धरून होती. प्रमाणवेळ ही सोयीची गोष्ट, पण ती आकाशांतील वेळ नव्हे. नांदेडास सूर्य माध्यान्हीं येतो, तेव्हां घड्याळांत सरासरीनें बारा वाजून एकवीस मिनिटें झालेलीं असतात. लातुरास आणखी तीन मिनिटें. मुहूर्त काढणारे जोशी स्थानिक संस्कार करून घटका-पळें जुळवितात तें यासाठींच; एक घटका म्हणजे २४ मिनिटें, तेव्हां हा फरक जवळजवळ सबंध घटकेचा झाला.

परंतु घड्याळ येण्यापूर्वींहि या मुलखांत सरकारी कालगणना होती, आणि तिची हकीकत आमच्या विषयाच्या गाभ्याशीं येऊन भिडते. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. सौर वर्षाहून तें अकरा दिवसांनीं आंखूड, आणि आपल्या पंचांगाप्रमाणें त्यांत अधिक मास नाहीं. त्या वर्षाच्या तारखेस सारा मागितला, तर दरसाल ती तारीख अकरा दिवस अलीकडे सरकावयाची. कांहीं वर्षांतच पीक शेतांत उभें असतांना सरकारचा शिपाई दारांत उभा राहावयाचा. म्हणून मोगलांनीं महसुलासाठीं निराळा सन चालू केला, तो फसली. फसल म्हणजे पीक. निजामी राजवट संपेपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हैदराबाद संस्थानाच्या दफ्तरांत हा सन चालला, आणि ज्यांच्या घरीं जमिनीचे जुने कागद आहेत, त्यांस तो अद्यापि त्यांत आढळेल. त्या राजवटीविषयीं मराठवाड्याच्या मनांत काय आहे, तें सांगावयास नको. पण धान्य घरांत आल्यावर मगच सारा मागावा, ही त्या सनामागची समज मात्र शहाणपणाची होती. तारीख ठरविणें निराळें आणि वेळ ओळखणें निराळें, हा भेद त्यांत स्पष्ट दिसतो.

वेळ ओळखण्याचा याहून अस्सल शब्द शेतकऱ्याजवळ आहे: वाफसा. कोठें कोठें त्याला ‘घात’ म्हणतात. मृगाचा पाऊस पडून गेला, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीचा प्रथम नुसता चिखल होतो. त्यांत तिफण घातली, तर ती माखून बसते आणि बीं कुजतें. चार दिवस जास्त थांबलें, तर वर कवच धरतें, खालीं ओल उरत नाहीं, आणि बीं रुजत नाहीं. या दोहोंच्या मध्यें जमीन ओली असूनहि मोकळी होते, असे थोडे दिवस येतात. शेतकरी मुठींत माती घेऊन दाबतो, गोळा होतो. तो खालीं टाकतो. गोळा फुटून भुगा झाला कीं वाफसा आला. पूर्वीं ज्वारी-कापसासाठीं हें पाहत, हल्लीं सोयाबीनसाठीं पाहतात, माती तीच. शेजारच्या दोन शेतांत वाफसा एका दिवशीं येईलच, असें नाहीं. तो कोणत्याहि वेळापत्रकांत छापतां येत नाहीं. आणि इंग्रजी ‘टायमिंग’चा जो उत्तम अर्थ, पाहून, पारखून, नेमक्या क्षणीं हात घालणें, तो या शब्दांत इतका भरलेला आहे, कीं गृहिणीनेंहि तो उसना घेण्यास हरकत नाहीं. सासूबाईंपुढें माहेरीं जाण्याची गोष्ट काढतांना वाफसा पाहावाच लागतो.

येथें कोणी म्हणेल, कीं हे शुद्धिवादी आले. तसें नाहीं. ‘ऐनवेळ’ हा शब्द कोणास परका वाटतो काय? त्यांतील ‘ऐन’ अरबी आहे. मूळ अर्थ डोळा, आणि त्यावरून ‘नेमका, तोच’. मुदत, तारीख, मोका, हंगाम, वखत हे सारे फारशी-अरबीच्या दारानें आले आणि आमच्या भागांत तर फार खोल रुजले. माधव त्रिंबक पटवर्धनांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश केला, त्यावरून या ऋणाचा पसारा कळतो. पुढें तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हेंहि खरें. सावरकरांनीं ‘तारखे’स ‘दिनांक’ दिला, तो कचेऱ्यांत रुळला. पण बोलतांना आपण ‘आज किती तारीख?’ असेंच विचारतों. मुदत, मोका आणि हंगाम हे शब्द आले, ते प्रत्येकीं स्वतःचें एक काम घेऊन आले, आणि कोणाच्या पानावर बसले नाहींत. कर्जाला मुदत, आंब्याला हंगाम, बोलण्याला मोका. टायमिंगची गोष्ट निराळी आहे. तें सर्वांच्याच पानावर बसतें.

सर्वांत अनर्थ होतो तो योगायोगाच्या बाबतींत. पाहुणे आणि आधण यांची गांठ पडली, त्यांत कोणीं कांहीं साधलें नाहीं, कर्ताच नाहीं. अशा जागीं ‘योगायोग’ म्हणणारी पिढी आणि ‘काय टायमिंग!’ म्हणणारी पिढी यांच्या मनांत जगाचीं दोन निरनिराळीं चित्रें उमटत असावींत, असें आम्हांस वाटतें. सुखाच्या गोष्टींत तें खपून जातें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक रात्रीं उशिरां घरीं परतले आणि दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचें जड माळवद असलेल्या घरांत गाढ झोंपीं गेले. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत माणसें हजारोंनीं गेलीं. तीच धरणी दिवसां, माणसें शेतांत असतांना हलली असती तर, हा विचार त्या भागांतील प्रत्येकाच्या मनांत येऊन गेलेला आहे. इंग्रजींत लिहिणारा येथें ‘टायमिंग’ हा शब्द सहज लिहून जाईल. मराठींत तो तेथें उच्चारून पाहावा, जीभ अडखळते. ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्या माणसाविषयीं आपल्याकडे बोलण्याची रीत ठरलेली आहे: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. काळ आणि वेळ यांत एवढें अंतर ठेवणारें हें वाक्य दुसऱ्या भाषेंत कसें न्यावें, हें आम्हांस तरी सुचलेलें नाहीं. आणि घरांत दोन्ही शब्द बोलले जात असतील, तरच तें मुलांना उमगेल.

नळाचें एक राहिलें. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस १० टाक्यांतून सुमारें ५ लक्ष लिटर आलें. त्या उन्हाळ्यांत नळाचें टायमिंग विचारणें हा विनोद झाला असता. पाणी किती वाजतां, हा प्रश्नच नव्हता; आपल्या गल्लीची पाळी कोणत्या दिवशीं, एवढेंच बायका एकमेकींस विचारीत. गरज खरी होती, आणि तिला ‘पाळी’ हा नेमका शब्द हाताशीं होता.

आमच्या भागाचा एक सण या लेखांत आणल्यावांचून राहवत नाहीं. मार्गशीर्षांतल्या अमावास्येस लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या लातुरालगतच्या तालुक्यांत वेळ अमावास्या, बोलण्यांत ‘येळवस’, साजरी होते. कानडींत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि कर्नाटकांत ‘एळ्ळ अमावास्या’ असते. त्या एळ्ळाचें आपल्या तोंडीं ‘येळ’ झालें आणि लिहितांना शिष्टांनीं तिची ‘वेळ’ केली, अशी उपपत्ति दिली जाते, व ती आम्हांस पटते. म्हणजे या वेळेचा वेळेशीं मूळचा कांहीं संबंध नाहीं. पण ज्वारी पोटऱ्यांत आलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, थंडी ऐन भरांत. अशा दिवसाला ‘वेळ’ म्हणावें असें लोकांस वाटलें, यांत नवल नाहीं. शेतांत कडब्याची कोप उभारतात, पांच पांडव म्हणून दगड मांडून पूजा होते, आणि भज्जी व आंबील यांवर आल्यागेल्याचा हक्क असतो. लातुराच्या बाजारपेठेंत त्या दिवशीं शुकशुकाट असतो. दुकानांचें टायमिंग विचारावयास शहरांत माणूस सांपडत नाहीं.