वॉल्टर लँगहॅमर: मुंबईच्या चित्रकारांना लाभलेले ऑस्ट्रियन गुरू

अहमदपूरच्या शाळांतून चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या कानावर हुसेन, रझा या चित्रकारांची नावे कधी ना कधी पडतात. त्या पिढीच्या पाठीशी उभे राहिलेले वॉल्टर लँगहॅमर मात्र विस्मरणात गेले.

व्हिएन्ना ते मुंबई

लँगहॅमर यांचा जन्म १९०५चा, ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरातला. शिक्षण व्हिएन्नाच्या कला अकादमीत. हिटलरला दोनदा प्रवेश नाकारणारी अकादमी ती हीच. त्याच हिटलरने मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केला. पत्नी केटे ज्यू असल्याने लँगहॅमर यांना देश सोडावा लागला. व्हिएन्नात त्यांच्याकडे शिकलेल्या मुंबईच्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीने ते मुंबईत आले आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे आर्ट डायरेक्टर झाले.

नेपियन सी रोडवरचा स्टुडिओ

नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी, स्टुडिओत, तरुण चित्रकारांचा राबता असे. चित्रे मांडायची, त्यांवर बोलायचे, युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहायच्या, असा तिथला शिरस्ता होता. लँगहॅमर स्वतः ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काच्या वळणाने, भडक रंगांत आणि मोकळ्या फटकाऱ्यांत निसर्गचित्रे व व्यक्तिचित्रे रंगवत. फोर्टातल्या ब्लॉक स्टुडिओत नोकरी करणाऱ्या रझांना त्यांनी रंगांकडे नव्याने पाहायला शिकवले.

तिघांची साथ

१९४७मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्या काळी आधुनिक चित्रांना ना गिऱ्हाईक होते, ना जाणकार समीक्षक. ही उणीव नाझी राजवटीमुळे मुंबईत आलेल्या तिघांनी भरून काढली. लँगहॅमर शिकवत, जर्मन रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रात चित्रांवर लिहीत आणि व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत.

काय उरले?

१९५७मध्ये लँगहॅमर लंडनला गेले, १९७७मध्ये वारले. त्यांच्या स्वतःच्या चित्रांपेक्षा शिष्यांचीच चित्रे जास्त गाजली. पण या तिघांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. हातात कला असून भागत नाही. शिकवणारा, लिहिणारा आणि विकत घेणारा असे तिघे लागतात. लहान गावातल्या चित्रकाराला शिकवणारा ड्रॉइंगचा मास्तर एक वेळ भेटतो. उरलेल्या दोघांसाठी त्याला आजही मुंबई-पुणे गाठावे लागते.