गोदामाला ऊब हवी, पण किती?

अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात जानेवारीत पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंत उतरणे नवलाचे नाही. अशा प्रदेशातील गोदामांत व कारखान्यांत पुष्कळदा छताला पेटीसारखा हीटर टांगलेला आढळतो. पेटीत नैसर्गिक वायू जळतो. जळून तयार झालेले वायू धातूच्या नळ्यांतून धुराड्यात जातात आणि पंखा तापलेल्या नळ्यांवरून आतील हवा फुंकतो. असा हीटर निवडावा कसा? सर्वांत मोठा घेतला की झाले, असे तुम्ही म्हणाल. गणित करून पाहू.

समजा, गोदाम ३० मीटर लांब, २० मीटर रुंद व ५ मीटर उंच आहे. भिंती व छत यांचे क्षेत्रफळ ११०० चौरस मीटर. आत १५ अंश सेल्सियस तापमान हवे, म्हणजे फरक ३० अंशांचा. भिंतींना उष्णतारोधक अस्तर असून दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला, अर्धा वॅट उष्णता बाहेर जाते असे धरा. ११०० × ०.५ × ३० = १६,५०० वॅट. शिवाय दाराफटींतून गार हवा आत येते. दोन तासांत सगळी हवा एकदा बदलली, तर तासाला १५०० घनमीटर हवा तापवावी लागेल. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवण्यास सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. यासाठी आणखी १५,००० वॅट हवेत. जमिनीतून जाणारी उष्णता सोडली, तर बेरीज सुमारे ३२ किलोवॅट.

याहून फारच मोठा हीटर घेतला, तर तो वारंवार सुरू होतो व बंद पडतो. दर वेळी गार धुराड्यात वाफेचे पाणी होते आणि धातू गंजतो.

साध्या हीटरमध्ये १०० भाग उष्णतेपैकी सुमारे ८० भाग उपयोगी पडतात. म्हणून ३२ किलोवॅटसाठी ४० किलोवॅटचा वायू जाळावा लागतो. उरलेली उष्णता धुराड्यातून जाते. मिथेन जळताना वाफ तयार होते आणि तिची अप्रकट उष्णताही वाया जाते. काही हीटर ही वाफ थंड करून तिचे पाणी करतात. त्यांची कार्यक्षमता ९० टक्क्यांवर जाते. मात्र ते पाणी आम्लधर्मी असल्याने न गंजणारा धातू व निचऱ्याची नळी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ज्वलनाला हवा कोठून मिळणार? ४० किलोवॅटसाठी तासाला सुमारे ४ घनमीटर वायू आणि त्याच्या जवळजवळ दहापट हवा लागते. कारखान्यातील मोठे पंखे हवा बाहेर फेकत असतील, तर आतील दाब घटतो आणि धुराड्यातील वायू उलटे आत येऊ शकतात. हवा अपुरी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. अशा जागी स्वतंत्र नळीने बाहेरची हवा घेणारा बंदिस्त हीटर निवडावा. पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवांची वाफ साचते तेथे तर ज्योतच नको. बॉयलर दूर ठेवून नळ्यांतून गरम पाणी आणावे.

आता तुम्ही करून पाहा. अस्तर जाड करून अर्ध्या वॅटचा पाव वॅट केला, तर किती किलोवॅट लागतील? उत्तर निम्मे का येत नाही, याचाही विचार करा. दाराच्या फटी बुजवण्याचे महत्त्व तुमच्या ध्यानात येईल.