कुलाब्याचे कॅथीड्रल ऑफ द होली नेम

• कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले चर्च. आकाराशी किंवा गर्दीशी संबंध नाही. वांद्र्याचे माउंट मेरी प्रसिद्ध खरे, पण ते बॅसिलिका.

• होली नेम हे मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांचे चर्च. बांधकाम १९०५ मध्ये पूर्ण. गॉथिक पुनरुज्जीवन शैली : टोकदार कमानी, दर्शनी बाजूला जुळे मनोरे. आत भित्तिचित्रे, पाइप ऑर्गन.

• १९५३ : मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस पहिले भारतीय कार्डिनल झाले.

• १९६४ : जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप पॉल सहावे मुंबईत.

• गल्लत हमखास होते ती फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलशी. ते १७१८ चे, मूळ अँग्लिकन. आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे. ‘चर्चगेट’मधले चर्च तेच.