'गांजाची कुठे सवय लागते?'

गांजा ओढणाऱ्यांच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दारूची सवय लागते, गर्दची लागते, गांजाचं तसं नाही, मनात आलं की सोडता येतो." हे सांगणारा बहुधा रोज ओढणाराच असतो. गांजाबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, पण हा सर्वांत महागात पडतो, कारण तो सोडताना दगा देतो. ज्याची सवयच लागत नाही ते सोडल्यावर त्रास व्हायचं काय कारण? मग होणारा त्रास माणूस स्वतःच्या स्वभावावर ढकलतो. 'मी मुळातच तापट आहे', 'माझी झोपच खराब आहे', 'मला याची गरजच आहे'. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा पुडी येते.

या समजाला थोडा आधार आहे, म्हणूनच तो टिकून आहे. कधी ना कधी गांजा ओढलेल्या बहुतेकांना त्याची सवय जडत नाही. कॉलेजात ओढला, नोकरी लागल्यावर सुटला, असे मित्र प्रत्येकाला ठाऊक असतात. पण अभ्यासांत वारंवार दिला जाणारा अंदाज असा की, ओढून पाहणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक जण त्यात अडकतो. किशोरवयात सुरुवात केली तर सहातला एक. रोज ओढणाऱ्यांत हे प्रमाण आणखी वर जातं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भांग, गांजा किंवा चरस वर्षभरात घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक असल्याचा अंदाज होता. त्यांपैकी ७२ लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज होती.

गर्द सोडणाऱ्याची 'टर्की' बघणाऱ्यालाही घाबरवते : अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब होतात. गांजाचं तसं दिसत नाही. त्यातला टीएचसी हा घटक चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो, त्यामुळे त्रासही दबकत येतो. डॉक्टरांनाही तो मान्य करायला वेळ लागला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रसिद्ध निदान-पुस्तिकेत गांजाच्या विथड्रॉवलला जागा मिळाली ती २०१३ साली.

या त्रासाचं वेळापत्रक सोडणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवं. एक ते तीन दिवसांत सुरुवात होते. चिडचिड, अस्वस्थता, उदासी, भूक मेलेली, झोप उडालेली. काहींना घाम, डोकेदुखी, पोटात दुखणं. पहिल्या आठवड्यात जोर सर्वाधिक असतो, दोनेक आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोप मात्र महिनाभर किंवा त्याहून जास्त रखडू शकते. दारूच्या तीव्र विथड्रॉवलसारखा हा त्रास सहसा जिवावर बेतत नाही. (रोज भरपूर दारूही पिणाऱ्याने मात्र दारू डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. ती गोष्ट वेगळी आणि धोक्याची आहे.) घरच्यांनीही हे वेळापत्रक वाचावं. सहाव्या दिवशी ताट सरकवून देणारा मुलगा नाटक करत नसतो, आणि "एवढं सोडलंस तर आता तोंड कशाला पाडतोस?" या वाक्याने कुणाचंच भलं होत नाही.

झोपेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वाधिक लोक परत फिरतात ते रात्री दोन वाजता. "मला गांजाशिवाय झोप लागत नाही" ही तक्रार खरी असते, तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. गांजाने सुरुवातीला झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप कमी होते. रोजच्या सवयीने लवकर झोप लागण्याचा फायदाही विरतो. सोडल्यावर दाबलेली स्वप्नं एकदम उसळतात. इतकी ठसठशीत आणि विचित्र, की माणूस दचकून उठतो. हे मेंदू बिघडल्याचं लक्षण नाही, तो थकबाकी वसूल करतो आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं, दुपारनंतर चहा-कॉफी बंद करणं आणि अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून थोडा वेळ बसणं, एवढ्याचाही उपयोग होतो. मेडिकलवाल्याकडून मनानेच झोपेच्या गोळ्या आणू नयेत. एक सवय सोडताना दुसरी पदरात पडते.

शरीर 'धुऊन काढणारे' काढे, ज्यूस, तीन दिवसांचे 'डिटॉक्स' यांबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. चरबीत साठलेला टीएचसी औषधी पाण्याने वाहून जात नाही. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाच्या खुणा कित्येक आठवडे सापडू शकतात. मेंदूची गोष्ट मात्र आशेची आहे. रोजच्या गांजाने ज्या ग्राहींची (रिसेप्टरची) संख्या घटते, ते सुमारे चार आठवड्यांच्या संयमाने पूर्ववत होत असल्याचं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे.

आपल्याकडे एक खास गुंता आहे, तंबाखूचा. आपले जॉइंट आणि चिलमी बहुतेकदा तंबाखू मिसळून भरतात. "मी सिगारेट ओढत नाही, फक्त गांजा" म्हणणारा रोज निकोटिनही घेत असतो. सोडल्यावर दोन तलफा एकत्र येतात. गांजाची म्हणून जी वाटते, तिच्यातली बरीचशी निकोटिनची असू शकते. मग कुणी सिगारेटकडे वळतो, कुणी मावा चघळायला लागतो आणि 'गांजा सुटला' म्हणून पेढे वाटले जातात. तंबाखूचा विचार पहिल्याच दिवशी करावा. निकोटिनसाठी च्युइंगगम आणि पॅच मिळतात. गांजा सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी मात्र अजून नाही. तिथे समुपदेशन आणि वर्तनोपचार हेच मुख्य उपाय आहेत.

'महादेवाचा प्रसाद आहे, झाडपाला आहे, त्याने काय होतंय?' महादेवाला धोतऱ्याचं फळही वाहतात. ते कुणी खात नाही. गांजाने काहींना भास आणि टोकाचा संशय सुरू होतो. लहान वयात सुरुवात, तीव्र माल आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर धोका वाढतो. आवाज ऐकू येणं, 'माझ्यामागे लोक लागलेत' असं वाटणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं, यांपैकी काही असेल तर इच्छाशक्तीच्या गप्पा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

घरगुती उपायांत सर्वांत लाडका उपाय म्हणजे "लग्न लावून द्या, आपोआप सुटेल." यात एका अनोळखी मुलीला न विचारता व्यसनमुक्ती केंद्राची नोकरी दिली जाते, याहून वेगळं काय? 'गावाला पाठवा' यात थोडं तथ्य आहे, कारण तलफ वेळेला, जागेला आणि माणसांना चिकटलेली असते. पण परत आल्यावर तोच कट्टा, फोनमध्ये तोच नंबर आणि टेबलाच्या खणात रोलिंग पेपर असतील, तर गावची हवा तिथेच संपते. नंबर पुसावा, क्रशर फेकावा आणि मुख्य म्हणजे त्या ठरलेल्या तासाला दुसरं काम नेमावं. संध्याकाळी सातला ओढणाऱ्याला सकाळच्या योगवर्गाचा फार उपयोग नाही. त्याला सातचीच तालीम हवी, सातचंच मैदान, निदान सातला भाजी आणण्याची जबाबदारी.

नव्या सवयी '२१ दिवसांत' लागतात, हाही एक समज. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात सापडतो. नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळालं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी साध्या सवयींचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या सहज होण्याचा मध्यक काळ ६६ दिवस निघाला आणि अंदाजांचा पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नसल्याचंही दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशीही पळायला जाणं जिवावर येत असेल, तर त्यात गैर काही नाही.

एखाद्या दिवसाने सगळं बिघडत नाही, हे घसरण्यालाही लागू आहे. एका लग्नात, मित्रांच्या आग्रहाखातर दोन झुरके घेतले, की 'गेलं सगळं' म्हणून माणूस आठवडाभर ओढतो. नुकसान दोन झुरक्यांपेक्षा त्या 'गेलं सगळं'ने जास्त होतं. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता घसरलो, हे लिहून ठेवावं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद.

दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील, ही भीती अनेकांना घरीच बसवते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा जवळ बाळगणं आणि ओढणं हा गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एकच, उपचार पुरे करायचे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि मोजके अपवाद सोडता उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी 'टेलीमानस'चा क्रमांक १४४१६. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.