सायकलवरून केंब्रिजची फेरी

मुलांनो, सुट्टीत सायकल काढून तुम्ही कुठं कुठं जाता? आज आपण जरा लांब जाऊ या. इंग्लंडमध्ये केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथलं विद्यापीठ १२०९ साली सुरू झालं. आपली ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे हे विद्यापीठ तिच्याहूनही जुनं! गाव अगदी सपाट. चढ नाही की घाट नाही. गल्ल्या अरुंद. त्यामुळं विद्यार्थी काय अन् प्राध्यापक काय, सायकल सर्वांच्या आवडीची. वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातात. चला तर, मनातल्या सायकलवर टांग मारा!

पहिला थांबा सेंट जॉन्स कॉलेज. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथं शिकले. इथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणतात आणि सर्वांत पहिला तो ‘सीनियर रँग्लर’. १८९९ साली परांजप्यांनी एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनं हा मान मिळवला. असे ते पहिलेच भारतीय! पुढं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य झाले.

दोन-चार मिनिटं पायडल मारलं की सेनेट हाउस येतं. पदवीदान समारंभ इथंच होतो. १८९० साली इथं गणिताचा निकाल वाचला गेला, तेव्हा फिलिपा फॉसेट या मुलीचे गुण पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त निघाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण सीनियर रँग्लर मात्र तो मुलगाच! कारण मुलींना परीक्षा देता येई. क्रमांक आणि पदवी मिळत नसे.

१८९७ साली मुलींना पदवी द्यावी का, यावर मतदान झालं. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सेनेट हाउससमोर उंचावर एक पुतळा टांगला. कुणाचा, ठाऊक आहे? सायकलवर बसलेल्या बाईचा! शिकणारी आणि सायकल चालवणारी मुलगी त्यांना थट्टेचा विषय वाटली. ठराव पडला. मुलींना पूर्ण हक्काची पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं.

आता सिल्व्हर स्ट्रीटनं कॅम नदी ओलांडू. उजवीकडं लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ दिसतो. हा न्यूटननं बांधला, असं लोक सांगतात. पण पूल १७४९ सालचा आणि न्यूटन वारला १७२७ साली. मग तुम्हीच ठरवा!

सरळ पुढं गेलं की न्यूनहॅम कॉलेज. हे मुलींचं कॉलेज १८७१ साली सुरू झालं. फिलिपा इथलीच. रोझलिंड फ्रँकलिनही इथलीच. तिनं १९४१ साली शिक्षण पूर्ण केलं, तेव्हाही मुलींना पूर्ण पदवी नव्हती. पुढं लंडनमध्ये तिच्या देखरेखीखाली डीएनएची क्ष-किरण छायाचित्रं घेतली गेली. १९५३ साली केंब्रिजच्या क्रिक आणि वॉटसन यांनी डीएनएची रचना शोधली, तेव्हा त्यांना या कामाचा मोठा उपयोग झाला.

शेवटचा टप्पा गावाच्या दक्षिणेला. ॲडनब्रुक्स रुग्णालयापासून ग्रेट शेलफर्ड गावाकडं सायकलींची एक वाट जाते. २००५ साली खुल्या झालेल्या या वाटेवर चार रंगांचे १०,२५७ पट्टे आहेत. एक पट्टा म्हणजे डीएनएच्या लिपीतलं एक अक्षर. अक्षरं फक्त चारच, म्हणून रंगही चार. हे सारे पट्टे मिळून बीआरसीए-२ हे एकच जनुक होतं. या जनुकात बिघाड असला, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुली-बायका या वाटेवरून रोज सायकलनं जातात आणि त्यांच्याकडं कुणी वळूनही पाहत नाही.

आता एक गृहपाठ. आज घरी गेल्यावर आजीला विचारा, “आजी, लहानपणी तुला सायकल चालवायला मिळाली का गं? आणि शाळा कितवीपर्यंत?” ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आजीला सायकल शिकायची राहिली असेल, तर तिला ताईची सायकल दाखवा आणि घंटी वाजवू द्या!